पंपवहिनीचं सील

माझ्या वहिनीला अख्खी गल्ली पंपवहिनी म्हणते, आणि तिला ते आवडतं. डिझेल गाडीच्या इंजिनाला थेंबाथेंबाने मोजून डिझेल पाजणारा जो पंप असतो, तो उघडायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा मापात बसवायचा, हे काम ती एकतीस वर्षं करते आहे. पहिली सहा वर्षं माझ्या भावाच्या हाताखाली, पुढची त्याच्या माघारी. भाऊ गेला तेव्हा लोक म्हणाले, दुकान विकून टाक, हे काही बाईमाणसाचं काम नाही. तिने दुसऱ्याच आठवड्यात शटर वर केलं, बेंचवरचा भावाचा चष्मा खणात ठेवला आणि त्या जागी स्वतःचा ठेवला.

पंप मापात बसला की त्याच्या स्क्रूंच्या भोकांतून बारीक तार ओवतात आणि तारेच्या टोकावर शिशाचं सील चिमट्याने दाबतात. हे सगळेच पंपवाले करतात. वहिनीच्या सिलावर मात्र तिची खूण असते, एक आडवी रेघ आणि खाली टिंब. सील शाबूत असताना पंप बिघडला तर दोष तिचा, ती कुणावर खापर फोडत नाही. सील तुटलेलं दिसलं तर ती त्या गाडीकडे ढुंकूनही बघत नाही, मग मालक पाया पडला तरी.

मी तिचा धाकटा दीर. टेकडीवरच्या हॉस्पिटलची बस चालवतो. सकाळी सिस्टर, आया, सफाईवाले आणि डायलिसिसचे पेशंट खालून वर न्यायचे, संध्याकाळी उतरवायचे. बस सव्वीस वर्षांची आहे. तिला म्हातारी म्हणणाऱ्याशी माझं पटत नाही, आणि माझं डोकं लवकर फिरतं हेही इथेच सांगून टाकतो.

दोन महिन्यांपूर्वी एकाच आठवड्यात दोन कामं झाली. वहिनीने बसचा पंप नवा करून दिला, आणि मी सुट्टी टाकून बस स्वतःच्या हाताने रंगवली. पोचे भरले, घासले, निळा रंग मारला, खाली पांढरा पट्टा ओढला. बस अशी चमकली की हेडसिस्टर आरशात बघावं तशी दारात उभी राहून केस सारखे करायची.

आणि त्यानंतर बस चढावर मरायला लागली. खालून झकास निघायची. वीस-पंचवीस मिनिटांनी, नेमक्या दुसऱ्या वळणावर, धाप लागायची, आचके द्यायची आणि बंद. मी उतरायचो, चाकाखाली दगड लावायचो, टाकीत काठी बुडवून डिझेल बघायचो, इंजिनाजवळचा डिझेल ओढायचा हातपंप दहा-वीस वेळा मारायचो. मग बस सुरू व्हायची, जणू काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डायलिसिसचे मास्तर म्हणून एक पेशंट आहेत, ते खिडकीतून म्हणाले, "अहो, ही आमच्यापेक्षा जास्त आजारी आहे."

हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी बोलावून विचारलं, "पंप कुणी केला होता?"

"वहिनीने."

"अजून करतात त्या?"

त्या दिवशी सकाळी सगळ्या बसने मला झापलं होतं. मी वैतागलेला. म्हणालो, "करते, पण हल्ली हात थरथरतो तिचा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. हात थरथरतो हे खरं होतं. चहाचा कप बशीत ठेवताना वाजतो. पण ते घरातलं होतं, ते मी टेबलावर टाकून आलो.

व्यवस्थापकांनी बस नव्या वर्कशॉपला पाठवली. तिथल्या प्रमुखाला आम्ही इस्त्रीवाले म्हणतो, कारण मेकॅनिक असून त्यांच्या कपड्याला कधी डाग नसतो. त्यांनी बिघाड सांगणारं हातातलं यंत्र घेऊन ते बसला कुठे जोडता येईल ते शोधलं. सव्वीस वर्षांच्या बसला तसलं भोकच नसतं. नाचता येईना अंगण वाकडं! त्यांनी लिहून दिलं: "पंप सदोष. दुरुस्ती करणाऱ्याचा हात स्थिर नसावा."

तो कागद वहिनीने व्यवस्थापकांच्या खोलीत उभ्याने वाचला. इस्त्रीवाले समोरच बसले होते. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दुसऱ्यांदा वाचला.

"सील तोडलंत?"

"नाही. तुमच्यासमोर तोडू म्हटलं."

"मग आत काय आहे ते बाहेरून दिसलं होय तुम्हाला? शुक्रवारी दहा वाजता मी तुमच्या वर्कशॉपला येते. आत एक ओरखडा निघाला तर माझं बेंच त्या दिवसापासून बंद. नाही निघाला तर हा कागद तुम्ही स्वतः फाडायचा."

"बाई, एवढं मनावर घेऊ नका."

"मग कुठे घेऊ?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, बेंच कशाला पणाला लावायचं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात स्थिर नसावा. हे त्यांना कुणी सांगितलं, भाऊजी? त्यांनी तर मला आज पहिल्यांदा बघितलं." मी खिशात बसची चावी शोधायला लागलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गुरुवारी दुपारी बस रिकामी होती. वहिनीने पंपाला हात लावला नाही. आधी फिल्टर उघडला, तो स्वच्छ. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये एक पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू ठेवून नळीकडे बघत बसली. पाइप कुठून हवा ओढत असेल तर बुडबुडे दिसतात. एकही दिसला नाही.

"हवा नाही घेत. आता हिचं घरचं जेवण बंद करू."

तिने टाकीकडून येणारा पाइप सोडला, माझ्या सीटमागच्या दांड्याला डिझेलचा कॅन दोरीने बांधला आणि इंजिनाच्या नळ्या त्यात सोडल्या. आता बस टाकीतलं नाही, कॅनमधलं डिझेल पिणार होती. आम्ही चढावर निघालो. दुसरं वळण आलं, गेलं. तिसरं गेलं. बस हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभी राहिली, आचका नाही की धाप नाही.

"पंप तोच," वहिनी म्हणाली. "सील तेच. हात माझाच." आणि स्टीलच्या दांड्यावर तिने असा तळवा आपटला की दारातला पहारेकरी उठून उभा राहिला.

म्हणजे दोष टाकी आणि पंप यांच्या मध्ये कुठेतरी होता. तिने पाइप उलटा फुंकला, तो मोकळा. टाकीतली जाळी काढली, तीही साफ. मग ती फूटबोर्डवर बसली आणि मला म्हणाली, "बस बंद पडली की तुम्ही काय काय करता ते पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

"हँडब्रेक ओढतो. शिव्या देतो. दगड लावतो. टाकीचं झाकण उघडतो, काठी..."

"थांबा. झाकण उघडताना आवाज येतो?"

"येतो की. सुस्कारा टाकल्यासारखा. सुस्स."

वहिनी उठली. झाकण काढून उन्हात धरलं. टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. डिझेल कमी होईल तशी त्यातून हवा आत जायला हवी, नाहीतर टाकी आतून ओढून धरते आणि पंपाने कितीही चोखलं तरी काही येत नाही. त्या भोकात पोचे भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, गच्च बसली होती. वर निळा रंग.

रंगवायच्या आठवड्यात ती मीच भरली होती. वळणावर त्या भोकातून डिझेल उडायचं, माझ्या नव्या पांढऱ्या पट्ट्यावर ओघळ यायचे, आणि हेडसिस्टर नाकाला पदर लावायची. मी बोटाने लांबी दाबली, वरून ब्रश फिरवला आणि विसरून गेलो. दोन महिने रोज चढावर तेच झाकण हातात घेऊन मी दोष शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी.

वहिनीने केसांतली पिन काढून भोक मोकळं केलं आणि पिन माझ्या हातात दिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दहा वाजता खाली वर्कशॉपमध्ये इस्त्रीवाले पाना घेऊन तयार होते. व्यवस्थापक होते, हेडसिस्टर होती. मास्तर मुद्दाम आले होते.

"आधी चढावर जाऊ," वहिनी म्हणाली. तिने खिशातून साबणाची वडी काढली आणि झाकणाचं भोक साबणाने बुजवलं.

व्यवस्थापक गोंधळले. "आता हे कशाला?"

"दुखणं गेलं म्हणजे निदान झालं असं नाही. ते परत आणून दाखवता आलं पाहिजे."

बस निघाली. दुसऱ्या वळणावर धाप लागली, आचके आले, बस मेली. आयुष्यात पहिल्यांदा बस बंद पडल्याचा मला आनंद झाला. वहिनी इस्त्रीवाल्यांना म्हणाली, "उतरा. झाकण उघडा."

त्यांनी उघडलं. टाकीने एवढा मोठा सुस्कारा टाकला की आत मास्तरांनाही ऐकू गेला. मी हातपंप मारला, चावी फिरवली, बस सुरू. मग वहिनीने साबण काढला आणि आम्ही एका दमात वर पोचलो.

इस्त्रीवाले झाकण हातात फिरवत म्हणाले, "पण मुळात हे भोक बुजवलं कुणी?"

वहिनीने तोंड फिरवलं. तिला सांगायचं नव्हतं. मग मलाच ते सहन होईना.

"मी," मी म्हणालो. "आणि वहिनीचा हात थरथरतो हेही मीच सांगितलं होतं. दोन्ही घोळ माझेच."

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. त्यांनी तोंड उघडायच्या आत वहिनी मध्ये आली. "ते माझे दीर आहेत. त्यांचं काय करायचं ते मी घरी बघते. तुम्ही तुमचा कागद बघा."

इस्त्रीवाल्यांनी खिशातून कागद काढला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

"अजून नाही," वहिनी म्हणाली. "आधी सील तोडा."

"अहो, आता गरज काय? पंप चांगला आहे हे सिद्ध झालं."

"तुम्हाला गरज नाही. मला आहे."

तेव्हा मला कळलं. तो कागद वाचल्यापासून तिला स्वतःचीच भीती वाटत होती. बस चढली म्हणजे पंप चालतो, एवढंच. आत तिच्या हाताने कुठे चूक केली आहे का, हे बस सांगू शकत नव्हती. आणि ओरखडा निघाला असता तर तिने खरंच शटर ओढलं असतं, कुणी मागितलं नसतं तरी.

बस परत खाली वर्कशॉपला आणून पंप उतरवला. सील तुटलं. इस्त्रीवाल्यांनी आतले दांडे एकेक काढून पांढऱ्या फडक्यावर मांडले आणि भिंग लावलं. मग त्यांनी भिंग वहिनीपुढे सरकवलं. म्हणाले, "बाई, असं काम आमच्याकडे कुणाला येत नाही." वहिनीने प्रत्येक दांडा स्वतः पाहिला. एकावरही ओरखडा नव्हता. इस्त्रीवाल्यांनी कागदाचे चार तुकडे केले, आणि ते करताना पहिल्यांदाच त्यांच्या बाहीला काळं लागलं.

त्यांच्याच टेबलावर वहिनीने पंप पुन्हा जोडला, मापात बसवला. मग खिशातून तार काढली.

तारेचं टोक स्क्रूच्या भोकापाशी गेलं आणि बाजूने निसटलं. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. हेडसिस्टर पुढे झाली, वहिनीने मान हलवली, ती मागे सरली. दुसऱ्यांदाही तार निसटली. मी खाली बघायला लागलो.

"वर बघा, भाऊजी," वहिनी म्हणाली.

मी वर बघितलं. तिसऱ्या वेळी तार भोकात गेली. तिने पीळ दिला, शिसं लावलं, चिमटा दाबला. एक आडवी रेघ, खाली टिंब.

"थरथरतो," ती हात माझ्यासमोर धरून म्हणाली. "आता पुढचंही सांगत जा सगळ्यांना. पण पोचतो."