मेन स्विचवरचा हार

बाबांनी तीस वर्षं ओझरच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली, त्यामुळे घरी इलेक्ट्रिशियन बोलावणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. मागच्या पावसाळ्यात लाइट सारखी जायला लागली तेव्हा त्यांनी पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर आणला आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर स्वतः बनवली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं हॉलमधल्या सॉकेटमध्ये, की घरभर लाइट. "आधी मेन स्विच पाडायचा, झालं," म्हणाले.

मी डोकं आपटून घ्यायचीच बाकी होते. मेन चालू राहिला तर आपली वीज उलटी खांबावर जाते, तिथे कोणाचा हात असला तर तो माणूस मरतो, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! शेवटी मीच चेंजओव्हर स्विच विकत आणला. तो बसवला की जनरेटर आणि बाहेरची लाइन एकमेकांना भेटतच नाहीत. बाबा म्हणाले, "मी बसवतो." दोन महिने तो खोक्यातच पडून होता.

दसऱ्याला सकाळी अकराला खांबावर ठिणग्या उडाल्या आणि गल्लीची लाइट गेली. श्रीखंड फ्रिजमध्ये, आत्या वाटेत. नेहमीचा लाइनमन आला. नांदगावकडचा पोरगेला माणूस. आमच्याकडे पाणी प्यायला, "सणाला पन सुट्टी नाय बघा, ताई," म्हणाला आणि खांबाला शिडी लावायला गेला. मी पुऱ्या लाटायला आत वळले.

तेवढ्यात मागच्या अंगणात जनरेटर धडधडला आणि शेजारच्या काकू आनंदाने ओरडल्या, "आली, आली!"

जनरेटर आमचा आणि लाइट त्यांच्याकडे! लाटणं कुठे पडलं कळलं नाही. धावत जाऊन जनरेटर बंद केला आणि तशीच फाटकाकडे पळाले. लाइनमन शिडीच्या खालच्या पायरीवर उभा होता. पक्कड खाली राहिली म्हणून ती घ्यायला तो उतरला होता. काकूंचं ओरडणं त्यानेही ऐकलं होतं.

"जनरेटर कुनाचा हाय?" त्याने विचारलं. चेहरा पांढराफटक.

"आमचा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

घरात येऊन पाहिलं, तर मेन चालूच. त्याच्या दांड्यावर झेंडूचा हार.

"सकाळीच पूजा केली त्याची," बाबा म्हणाले. "हार घातलेला मेन आजच्या दिवशी कसा पाडायचा? आणि लाइट तर नव्हतीच. चालू काय नि बंद काय!"

"हार जनरेटरलाही घातला होता, बाबा! तो बरा चालवलात!"

मी खूप बोलले, आवाज चढवून बोलले. बाबांनी हार काढला आणि मेन पाडला. चेंजओव्हर स्विचच्या त्या खोक्याकडे बघायची मलाही लाज वाटत होती. इलेक्ट्रिशियनला फोन मीसुद्धा करू शकले असते.

संध्याकाळी लाइनमन सोनं द्यायला आला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आपट्याची पानं बाबांच्या हातावर ठेवून तो पाया पडायला वाकला, तर बाबांनी मध्येच त्याचे दोन्ही हात धरले. तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"उद्या इलेक्ट्रिशियनला बोलव," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. त्याचे हात मात्र त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत.