सवत विकणे आहे

दाजींच्या त्या लांबलचक अमेरिकन गाडीला आमची ताई लग्नापासून सवत म्हणायची. साठच्या दशकातली गाडी. मागे माशाच्या परांसारखे पंख, पुढची सीट सोफ्याएवढी, गिअर स्टिअरिंगलाच. दाजी तेव्हा बस डेपोत मेकॅनिक. कुणीतरी टाकून दिलेली ती गाडी त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि घरातली एकमेव धड खोली, म्हणजे गॅरेज, तिला देऊन टाकली. मोठी खिडकी, भरपूर उजेड, सगळं त्या बाईसाहेबांना. आणि माझी बहीण स्वयंपाकघरात ओट्याला चिकटून शिलाई मशीन चालवणार. शिवलेल्या कपड्यांना कांद्याचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. मी असते तर पहिल्याच वर्षी त्या गाडीला काडी लावली असती.

मग ताईला एका हॉस्पिटलच्या नर्सच्या गणवेशांचं काम मिळालं. कायमचं. त्यासाठी दुसरं मशीन आणि कापड बेतायला मोठं टेबल लागणार होतं. जेवता जेवता तिने शांतपणे सांगितलं, गाडी विकायची. दाजी हसले. ताई हसली नाही. आठवड्याभरात पेपरात जाहिरात आली.

पहिल्या गिऱ्हाइकाला दाजींनी गाडीचे रोग इतक्या प्रेमाने सांगितले, की तो चहा अर्धा टाकून सटकला. दुसरा आला तेव्हा गाडी सुरूच होईना. वय झालं हो तिचं, असं म्हणत दाजी उभे, जसे काही त्या गावचेच नाहीत. शर्टाच्या खिशातून मात्र इंजिनाची वायर डोकावत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं फैलावर घे त्यांना, मी ताईला म्हटलं. तर ती म्हणते, भांडून मला काय खोली मिळणार आहे का, मला गाडी जायला हवी.

तिसरी आली ती दातांची डॉक्टरीण. लहानपणी तिच्या वडिलांकडे अशीच गाडी होती. तिला ती शोभेला ठेवायची नव्हती, रोज चालवायची होती. ती यायच्या आधी ताई गॅरेजमध्ये गेली. दाजी गाडीत बसून पेपर वाचत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या सीटवरच जायचा.

"वायर जागेवर लावा," ताई म्हणाली. "आज ती स्वतःच्या चाकांवर जाईल, नाहीतर उद्या भंगारवाल्याबरोबर तुकड्यातुकड्यांनी. पण जाणार."

आवाज चढवला नाही तिने. दाजी पेपराची घडी घालून उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

गाडी लगेच सुरू झाली. चालवून बघायला चक्कर मारली, तेव्हा जाताना दाजी चालवत होते, येताना डॉक्टरीणबाई. आणि खरं तेच सांगते, त्यानंतर दाजींनी काही हातचं राखलं नाही. सकाळी चोक किती ओढायचा, ब्रेक किती आधीपासून दाबायचा, सगळं दोनदोनदा समजावलं. व्यवहार झाला आणि बाई गाडी घेऊन गेल्या.

ताई झाडू घेऊन तयारच होती. जमिनीवरचं तेल खरवडून काढलं, आम्ही दोघींनी मशीन उचलून खिडकीखाली ठेवलं. मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. टेबल कुठे, कपाट कुठे, माझी टकळी चालूच. वळून पाहते तर दाजी दारात उभे.

"मी आता बसू कुठे?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं. एवढी खोली आम्ही वाटून टाकली होती, पण त्यात हा माणूस धरलाच नव्हता. मला वाईट वाटलं.

ताईने एक स्टूल ओढून मशीनच्या शेजारी ठेवलं, उजेडाच्या बाजूला.

"इथे. बटणं लावायला मला माणूस हवाच आहे."

"सुईत दोरा ओवायचा म्हणजे... दिसत नाही गं मला."

"मी ओवून देईन," ताई म्हणाली आणि डब्यातली सुई शोधायला लागली.