मावशीची शेपटी

आमच्या घरात 'असेल' म्हणायची चोरी होती. दही लागलं असेल, नळ आला असेल, असं माझ्या तोंडून निसटलं की माझी नणंद प्रज्ञा पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "असेल म्हणू नको, वहिनी. झाकण उघडून पाह्य." मी नागपूरहून लग्न होऊन भिलाईला, पोलाद कारखान्याच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा ती कॉलेजात होती. नणंद म्हटलं की नव्या सुनेला आधीच धाक, त्यात ही अशी. पहिले काही महिने मी तिच्यावर मनातल्या मनात दात खात होते. मग कधी आमचं गूळपीठ जमलं ते कळलंच नाही.

माझे सासरे नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत होते, त्यामुळे तिचं लहानपण नंदिनी नगरात गेलं. हा दगड समुद्राच्या तळाशी तयार झाला, असं तिथल्या शाळेत कोणीतरी तिला सांगितलं आणि पोरगी बिघडली ती कायमची. "समुद्र इथूनच निघून गेला वहिनी, मी त्याच्या मागं गेली," असं ती सांगायची. खरा समुद्र तिनं पाहिला तो थेट एमएस्सीला असताना. पुढं ती लक्षद्वीपच्या बेटांवर हंपबॅक जातीच्या देवमाशांचा अभ्यास करायला गेली. आमच्या नातेवाइकांना हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. पोरीनं इंजिनिअर व्हावं, प्लांटात लागावं, नाहीतर बँकेत. मासे मोजायला कोणी जातं का?

"मासा नाही तो, वहिनी. पिल्लाले दूध पाजते," ती म्हणे. इतर समुद्रांतले हंपबॅक दर वर्षी दूर थंड पाण्यात जातात आणि परत येतात. अरबी समुद्रातले मात्र कुठंच जात नाहीत आणि आता ते फार थोडे उरलेत, हे तिनं मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. "यांची बदलीच होत नाही. भिलाईवाल्यासारखे आहेत. एकच प्लांट, एकच क्वार्टर."

थोडे म्हणजे किती, हे शोधणं हेच तिचं काम. महिनोन् महिने बोटीतून फिरायचं, पाण्याखाली माइक सोडून नरांची गाणी ऐकायची आणि नशिबात असलं तर एखादा देवमासा बुडी मारताना शेपटी वर काढतो, तेवढ्यात तिचा फोटो घ्यायचा. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. शेपटी दिसली नाही तर ते जनावर ती मोजायची नाही. सोबतचे कितीही शपथेवर सांगोत, तिचं आपलं एकच: "अंदाजानं मोजलं तर जे नाहीत तेही जिवंत होतात. मग वाचवाचं कोणाले?"

अशाच एका फेरीत तिला एक मादी दिसली, सोबत पिल्लू. त्या मादीच्या शेपटीची डावी कड फाटलेली होती, बहुधा जाळ्यात अडकून. कागदोपत्री तिला नुसता नंबर होता. नंबरावर कोण माया करणार? मी तिचं नाव ठेवलं मावशी. तिचा फोटो आमच्या फ्रिजवर लागला. मावशी पुन्हा दिसली तर ती तगली असा अर्थ, म्हणून सुट्टीत प्रज्ञा घरी आली की शेजारणीही विचारायच्या, "कावून वं, मावशी दिसली का?" ती मान हलवायची. मावशी पुन्हा दिसली नाही.

मग प्रज्ञा आजारी पडून घरी आली. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, बाजूला घेऊन सांगितलं की लिव्हरचा कॅन्सर आहे, फार पसरलाय, हाती काही नाही. मिलिंदनं घरी येऊन कावीळ सांगितली. आपल्याकडे असंच करतात. पण मी भडकले. "जिनं जन्मात अंदाज चालवून घेतला नाही तिले तुम्ही खोटं सांगता?" प्लांटातल्या रेल मिलच्या उष्णतेत रोज उभा राहणारा तो माणूस ओट्याला टेकून खाली बसला. "माय गेली तवा तिले मीच सांगितलं होतं. आता हेही मीच सांगू? माझ्यानं नाही होत." 

नवसाला हसण्यात मिलिंदची हयात गेली. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, नवस-सायास नाहीत. पण त्या दिवसांत तो एकदा मला हळूच म्हणाला, "मावशी दिसली ना, तर प्रज्ञा बरी होईल पाह्य." मला हसूही आलं नाही.

आणि एका दुपारी तो दारातूनच ओरडत आला, "प्रज्ञे, आली! तुझी मावशी आली!" हातात पेढ्यांचा डबा. प्रज्ञाचा फोन बंद असायचा, म्हणून बेटावरच्या रशीदनं, तिच्या सहकाऱ्यानं, मिलिंदच्या मोबाइलवर फोटो पाठवला होता. 'एक मादी दिसली, प्रज्ञाला दाखवा,' एवढंच त्यानं लिहिलेलं. देवमासा म्हटला की मावशीच, असं आम्ही सगळ्यांनी धरलेलं. मिलिंद शिफ्ट सुटल्यावर तडक सिविक सेंटरला गेला, पेढे घेतले आणि तिला दाखवायच्या आधीच क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत वाटत आला. मागून शेजारणीही आत आल्या.

प्रज्ञानं मोबाइल घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला. मग दादाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो दादा," ती म्हणाली. "मावशीच आहे."

मिलिंद लहान पोरासारखा रडला. तिच्या तोंडात पेढ्याचा कण घालत म्हणाला, "आता तू बरी होऊन राहिली, पाह्य."

सगळे गेल्यावर मी तिला पाणी पाजलं. ती म्हणाली, "वहिनी, ही मावशी नाही. डावी कड धड आहे, नक्षीही वेगळी. दुसरीच आहे."

"मग बोलली कावून नाही?"

"दादाच्या हातात पेढे होते ना."

मग तिनं रशीदला माझ्याकडून फोन करवला आणि स्वतः सांगितलं की ही नवीन मादी आहे, आधी कधी नोंदलेली नाही. तेवढं बोलायलाही तिला धाप लागली, पण डोळे चमकत होते. "नवीन, वहिनी! आमाले माहीत होते त्याहून एक जास्त." मी तोंड फिरवलं. ती माझा हात धरून म्हणाली, "माझंही मले समजते. कावीळ नाही ही. पण दादाले वाटते मले माहीत नाही. तसंच राहू दे."

भाऊ बहिणीपासून लपवत होता आणि बहीण भावापासून, आणि दोघांचं ओझं माझ्या डोक्यावर. पुढच्या पंधरवड्यात ती गेली. मिलिंद तिच्या पायाशी बसून होता.

त्या शेपटीचा फोटो त्यानं मोठा करून प्रज्ञाच्या फोटोशेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "ही मावशी. माझ्या बहिणीनं जाता जाता ओळखली." मी चहा ठेवायला आत जाते. बेटावर त्या नव्या मादीला काय नाव दिलंय, ते रशीदनं मला फोनवर सांगितलंय. मिलिंदला मी सांगितलेलं नाही.

परवा पुन्हा त्याचा फोन आला. "भाभी, आज प्रज्ञा दिखी. साथ में बच्चा है. दोनों ठीक हैं." मी ओट्यावरच्या चहाचा गॅस बंद केला. बाहेरून मिलिंदनं विचारलं, "कोणाचा फोन?"

"रशीदचा. दिसली म्हणे."

"मावशी?"

"हो," मी म्हटलं, "मावशी," आणि त्याला माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला.