विचारून हात लावा

"नवऱ्याजवळ जाताना लाज नाही वाटली, आता कशाला पाय आवळतेस?"

मोठ्या डॉक्टर मॅडम हे बोलल्या तेव्हा मी बाळंतपणाच्या टेबलावर उघडी पडले होते. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. सगळे हसले. एकाने आत हात घालून तपासलं, मग दुसऱ्याने, मग आणखी एकाने. माझं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. कळ आली म्हणून ओरडले, तर मांडीवर चापट.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वलगावहून अकोल्याला आले होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगायच्या लायकीचं नाही ते. भिंतीवर मात्र झकास पाटी होती: तपासणीआधी रुग्णाची संमती घ्यावी. मी बारावी शिकलेली. पडल्या पडल्या वाचत होते. वाटलं, यांना माहीतच नसेल.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुण्या साहेबांची सून आली. घोळका बाहेर गेला. पडदा ओढला गेला. आणि पडद्याआडून याच मॅडमचा आवाज, साखरेत घोळलेला: "तपासू का बेटा? दुखलं तर लगेच सांग हं."

म्हणजे येत होतं की बाईला! नियम तोंडपाठ होता. फक्त आमच्यासाठी नव्हता.

मी ब्लाउज शिवते. बाईच्या छातीला टेप लावण्याआधी 'लावू का' म्हणते. एवढी अक्कल मला शिवणक्लासात मिळाली. यांना मोठ्या कॉलेजात मिळाली, ती माणूस बघून वापरायला.

घोळका परत माझ्याकडे आला. मी गुडघे जुळवले.

"त्यायले विचारलं, मले कावून नाही? मलेबी विचारा."

"तुला काय विचारायचं?"

"हात लावू का, हे."

आता कुणी हसलं नाही. कळ आली. पोटातल्या जिवाची भीती वाटत होती, तरी गुडघे सोडले नाहीत. शेवटी मॅडमनी दातओठ खात विचारलं, "तपासू?"

"तुमी एकट्या. बाकीचे भायेर."

मुलगी झाली. टाके घालताना मॅडम बधिर करायचं इंजेक्शन विसरल्या. विसरल्या म्हणे! एकेक टाका माझ्या लक्षात आहे.

आता नणंदेचे दिवस भरत आलेत. टेबलाशी मी उभी राहणार आहे. न विचारता तिच्याकडे आलेला हात मी मनगटाशी धरणार. मग तो कितीही शिकलेला असो.