कापलेल्या पुस्तकांची भिंत

ग्रंथालयात तिला सगळे खळमावशी म्हणत. एकतीस वर्षं तळमजल्यावरच्या खोलीत बसून ती फाटकी पुस्तकं शिवत आली होती. बोटांना कायम खळ लागलेली, जीभ फटकळ, पण हात असा हलका की जुनं पानसुद्धा कुरकुरत नसे. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं बोलावणं थेट तिला आलं, तेव्हा साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. लेकीनं मात्र नवी पर्स घेऊन दिली आणि विमानात बसवून दिलं.

सभागृहात पाचशे माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला. व्यासपीठामागं जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांची भिंत. भाषणाला अवकाश होता म्हणून मावशी कौतुकानं जवळ गेली. एक पुस्तक ओढून पाहिलं, तर नुसती पाठ हातात आली. मागं काहीच नव्हतं. शेकडो पुस्तकांच्या पाठी करवतीनं कापून फळ्यांवर डकवल्या होत्या. कित्येकींवर ग्रंथालयांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या अजून तशाच.

सजावटवाला शिडीवर दिवे नीट करत होता. तिनं त्याला विचारलं, "बाकीचं पुस्तक कुठंय?"

"पानं होय? गेली रद्दीत. शोभा सगळी पाठीलाच असते ना, ताई!"

मावशीनं आजूबाजूला पाहिलं, तर ज्यांचा जन्म पुस्तकं सांभाळण्यात गेला ती माणसं चहाचे कप सावरत त्याच भिंतीपुढं हसून फोटो काढून घेत होती. एकालाही किळस येऊ नये?

तिची पाळी आली. लिहून आणलेलं भाषण तिनं उघडलंच नाही. "एक पाठ नीट बसवायला मला दोन दिवस लागतात," ती म्हणाली. "इथं तुम्ही खाटकाचं दुकान मांडलंय, आणि त्यात उभं राहून मी जतनावर बोलायचं? लाज कशी वाटत नाही?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. अध्यक्षीणबाईंनी तिला मिठी मारली. "काय जिव्हाळा! अगदी मनापासून बोललात! या, भिंतीपुढं एक फोटो होऊन जाऊ दे."

"अहो, मी तुम्हाला शिव्या दिल्या," मावशी म्हणाली.

"हो ना, किती सुंदर!"

अंगावर पाल पडावी तशी मावशी त्यांच्या मिठीतून सुटली. जेवायला न थांबता खोलीवर गेली आणि साबणानं हात धूत राहिली. उरलेले दोन दिवस ती परिषदेकडं फिरकली नाही.

परतल्यावर साहेबांनी अहवाल मागितला. तिनं एकच ओळ लिहिली: 'पुस्तकं कापणाऱ्यांच्या घरी पाहुणचाराला गेले होते, पुन्हा जाणार नाही.'

"हे वर कसं पाठवू?" साहेब म्हणाले. "जरा गोड लिहा की."

"गोड तिथं पुष्कळ झालं, साहेब," असं म्हणून मावशी जिना उतरली.