राजाबाईच्या अंगातल्या पुड्या

राजाबाई सांगोल्याकडची. मेंढरांमागं हिंडण्यात जन्म गेलेला. छातीतली गाठ सोलापूरच्या दवाखान्यात काढली तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. पण वर्षाच्या आत कंबर अशी धरली की उठता येईना. मुलगा बिरुदेव तिला पुन्हा घेऊन गेला. डॉक्टर चेतनाबाईंनी तपासण्या केल्या. रोग हाडात उतरला होता.

"गाठ तर काढली की!" बिरुदेव म्हणाला.

"शरीरातली प्रत्येक पेशी बारीक पुड्या सोडत असते," चेतनाबाई म्हणाल्या. "डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांतून एक पेशी दुसरीला निरोप देते. जखम भरायला त्या मदत करतात, आईच्या दुधातूनही बाळाला मिळतात. पण गाठीच्या पेशीही पुड्या सोडतात. त्या रक्तातून आधीच हाडात पोचतात, रोगासाठी जागा करून ठेवतात."

घरी गेल्यावर बिरुदेवानं बायकोला एवढंच सांगितलं, "आईच्या अंगातनं रोगाच्या पुड्या सुटत्यात."

त्याच दिवशी विजयमालानं सासूचं अंथरूण मेंढरांच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली टाकलं. ताट लांबून सरकवायची. लहानग्या शिवलीलाला बजावलं, "आजीजवळ गेलीस तर मरशील."

पुढच्या खेपेला राजाबाईनं डॉक्टरांना विचारलं, "माझ्या पुड्या नातीला लागतील का वं?"

"छे! कॅन्सर शिवण्यानं होत नाही. खुशाल मांडीवर घ्या तिला." चेतनाबाईंनी बिरुदेवालाही आत बोलावून हेच सांगितलं.

एस्टी स्टँडवर राजाबाई म्हणाली, "ऐकलंस न्हवं? आता घरात घे मला."

"मला पयल्यापास्नं ठावं हाय," तो म्हणाला. "पर रातभर कण्हतीस. तितंच बरी हायस तू."

बायकोला त्यानं काही सांगितलं नाही.

थंडीत एकदा शिवलीला खेळता खेळता पत्र्याखाली आली. राजाबाईनं हात पसरले. पोरगी किंचाळली, खडा उचलून आजीच्या तोंडावर मारला आणि पळाली.

"लई शाणी गं माझी," विजयमाला दारातून म्हणाली.

त्यानंतर राजाबाईनं गोळ्या घेणं सोडलं. चेतनाबाईंचा फोन आला तेव्हा बिरुदेव म्हणाला, "बरी हाय की. जेवतीया."

संक्रांतीच्या आधीच ती गेली. घोंगडं, लुगडी, सगळं जाळलं. पायातले चांदीचे तोडे तेवढे विजयमालानं चिंचेनं घासले आणि स्वतःच्या पायात घातले.