साहेबाच्या बढतीचा पुलाव

खालच्या मजल्यावरचे चाचा आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, तुमची मुलगी इंग्रजी शाळेतली, तिला तासभर द्या. मला कुणी विचारलं नाही. मी लाजाळू आहे हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी नाही म्हणणार नाही, हेही.

चाचांचे अब्बा पनवेलहून आफ्रिकेत गेले होते, तिथल्या एका इंग्रज जिल्हाधिकाऱ्याचे खानसामा म्हणून. चाचांचं बालपण त्याच बंगल्यामागच्या खोलीत गेलं. आता साहेबाची नात आजोबांच्या कारकिर्दीवर पुस्तक लिहीत होती आणि इंग्लंडहून व्हिडिओ कॉल करणार होती. चाचांना एकच हवं होतं, पुस्तकात अब्बांचं नाव यावं. फोटोखाली नुसतं 'नोकरांसह' नको.

कॉल लागला. नातीने पहिला प्रश्न विचारला. चाचा मला हळूच म्हणाले, "आधी विचार, जेवली का."

त्यांच्या घरात मेहमान खाल्ल्याशिवाय कामाचं बोलणं सुरू होत नाही. मेहमान फोनमध्ये आहे, हा किरकोळ मुद्दा होता. ती म्हणाली, अजून नाही. झालं. चाचींनी पुलावाचं ताट आणून फोनसमोर धरलं. शेवटी ती बिचारी उठून चहा-बिस्किटं घेऊन आली आणि आम्ही तिघं तिला खाताना बघत बसलो.

मग तिने विचारलं, आजोबांनी दोन गावांचं पाण्यावरचं भांडण मिटवलं आणि त्यावर त्यांना बढती मिळाली, तो दिवस आठवतो का?

चाचांना चांगला आठवत होता. साहेब सकाळपासून भाषण करत होता, कुणी ऐकत नव्हतं. दुपारी अब्बांनी न विचारता पुलावाची देग उतरवली आणि दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवलं. आधी खा, मग भांडा. जेवून साहेब झोपला. उठला तोवर म्हाताऱ्यांनी आपसात मिटवलं होतं.

मी इंग्रजीत सांगितलं, आजोबांनी परिस्थिती शांतपणे हाताळली.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "बेटा, यात पुलाव कुठे आला?"

इंग्रजीतही पुलावाला पुलावच म्हणतात, एवढं त्यांना माहीत होतं.

"तिला वाईट वाटेल, चाचा."

"का? तिचा आजा पोटभर जेवून झोपला. वाईट काय त्यात?"

मग मी सगळं सांगितलं, झोपेसकट. ती खूप हसली. म्हणाली, ते माझ्या लग्नातही जेवणानंतर झोपले होते. आणि वही ओढून तिने खानसाम्याचं नाव विचारलं.

मी भाषांतर करायच्या आत चाचांनी फोन जवळ ओढला होता. अब्बांचं नाव, अब्बांच्या अब्बांचं नाव, आडनाव, आणि शेवटी पनवेल. तिने वाचून दाखवलं. चाचांनी मान हलवली आणि पुन्हा सांगितलं. मग पुन्हा.

"पुरे आता," चाची म्हणाल्या, "तिचा चहा निवला."